वानीवाले सर

मोहगावात संध्याकाळी ओसरीवर इंग्रजीची शिकवणी घेणारे आमचे सर कुठलीच गोष्ट सरळ सांगत नसत. चहा गार झाला, की तो 'आठ दिवस राहिलेल्या जावयावानी' झालेला असे. उशिरा आलेला पोरगा 'वरातीतल्या नवरदेवावानी' यायचा.

आमची पंचाईत अशी, की घरात वऱ्हाडी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी या दोन्हींच्या पलीकडं. 1956 साली नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. 2023 मध्ये जिल्हाही छिंदवाड्याचा पांढुर्णा झाला. बोलण्यातला 'वानी' तेवढा हलला नाही. 'ही रन्स लाइक अ डिअर'चा अर्थ मी 'तो पळतो, त्याला हरीण आवडते' असा लावला, तेव्हा खडू पांढुर्ण्याच्या गोटमारीतल्या गोट्यावानी आला. मग सरांनी फळ्यावर लिहिलं: लाइक म्हणजे वानी.

"वानी हाय तं सिमिली. वानी गेला तं मेटाफर. समजलं का बे?"

एकानं सिमिली 'स्माइल' वाचलं. सर म्हणाले, "हास बापा आता, पेपरात रडशील."

'ॲज कूल ॲज अ ककंबर'वर मात्र सर स्वतःच अडले. "मे महिन्यात वावरातली काकडी हातात घेऊन पाहा, चहावानी गरम! आपल्याइथं माठ म्हणा." 'ॲज व्हाइट ॲज स्नो'त बर्फाच्या जागी कापूस आला. पाऊस कुत्र्यामांजरांचा कसा पडतो, यावर आम्ही खूप हसलो. सर म्हणाले, "अन् तुमच्याइथं मुसळं पडतात, ते चालते?"

मेटाफर काही केल्या डोक्यात शिरेना. तेव्हा सरांनी आम्हाला गावातल्या अर्धनारीश्वराच्या देवळात नेलं. "शंकर पार्वतीवानी दिसते काय? नाही. अर्धा शंकर, अर्धी पार्वती, देव एकच. दोघांतला वानी गळला, की रूपक." भरतमुनींनी नाट्यशास्त्रात 4 अलंकार सांगितले, त्यांत उपमा आणि रूपक होतेच, हेही सरांनी तिथंच ऐकवलं, जणू इंग्रजांनी ते मोहगावातूनच उचलले.

ही सवय संसर्गजन्य आहे. परवा नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी "कसं दुखतं?" विचारलं, तर मी म्हणालो, "नवी चप्पल चावल्यावानी." त्यांना लगेच समजलं.

सरांच्या घरी मात्र 'वानी'ला किंमत नव्हती. एकदा मेटाफर शिकवता शिकवता चुलीवरचं दूध उतू गेलं. काकू बाहेर आल्या, "तुमी मंजे निरा बैल!"

सरांचा चेहरा उजळला. "पाहा रे पोट्टेहो, वानी नाही लावला! मेटाफर!"

"बैल असते तं वावरात तरी कामी आले असते," म्हणत काकू आत गेल्या. याला काय म्हणायचं, ते सरांनी सांगितलं नाही.

त्या वर्षी पोळ्याला आम्ही सरांच्या घरी गेलो. पहिली पुरणपोळी बैलाची. सरांकडं ना वावर, ना बैल. काकूंनी ती पोळी सरांच्या ताटात वाढली आणि वरून तुपाची धार सोडली. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. सर मान खाली घालून जेवत राहिले. वानी काही काढला नाही.