मागे इंजिन, हातात वडा

कर्जतचा वडा कसा खावा, यावर माझ्याइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस मध्य रेल्वेवर दुसरा नसेल. असं मला वाटतं. बायकोला वाटत नाही. तिच्या मते मला वड्यातलं काही कळत नाही, मला फक्त उतरायचं असतं. गाडी पुरती थांबायच्या आत उतरायचं, फलाटावर वडे विकणाऱ्या दिवाडकरांच्या माणसापुढे नेमकं अवतरायचं, आणि सुटत्या गाडीत शेवटच्या क्षणी चढून सगळ्या डब्याकडे ‘त्यात काय एवढं’ अशा नजरेने बघायचं. आरोप अर्धाच खरा आहे. मला वडाही आवडतो.

नवखा प्रवासी वडा हातात पडल्या पडल्या तोंडात टाकतो. आतला बटाटा तेव्हा जीभ भाजून काढायच्या बेतात असतो. जाणकार पुडी धरून उभा राहतो आणि कान मागे लावतो. गाडीला मागून बारीकसा धक्का बसला की समजायचं, बँकर लागला. मग पहिला घास.

आता बँकरबद्दल थोडं सांगतो. (घरी या वाक्याला सगळे उठून जातात.) कर्जत ते लोणावळा हे अंतर 28 किलोमीटर, आणि मधली चढण कुठे कुठे 37ला 1. म्हणजे 37 फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर. ऐकायला किरकोळ, पण लोखंडी रुळावरून लोखंडी चाकाने ते चढणं म्हणजे तेल लावलेला मल्लखांब. म्हणून गाडीच्या पाठीमागे जादा इंजिनं जोडतात आणि ती लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. घाट सुरू झाला 1863 साली. तेव्हा वर खंडाळ्याच्या बाजूला रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि मघाशी जे शेपूट होतं ते तोंड होऊन गाडी निघायची. 1929 साली नवी वाट झाली आणि ही कसरत संपली. मग विजेची इंजिनं आली. त्यांतल्या एका जातीला रेल्वेवाले ‘खेकडा’ म्हणत. ते नुसतं उभं असलं तरी कण्हायचं. माझ्या घरच्यांना याचं काही वाटत नाही, याचं मला फार वाटतं.

या घाटाचं कंत्राट घेऊन सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज 1859 साली मुंबईला आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या बायकोने, ॲलिसने, कंत्राट सोडलं नाही. माणसं हाताशी धरून काम पुढे नेलं. तिचं नाव निदान पुस्तकांत राहिलं. बोगदे ज्यांनी फोडले ते मजूर पटकीने, तापाने, दरडीखाली हजारोंनी गेले, आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला सांगता येणार नाही. इंजिनांची येतात. त्याच बोगद्यांतून आम्ही वडा खात जातो आणि खिडकी मिळाली नाही म्हणून कुरकुरतो. मी जरा जास्तच.

असो. गाडी सुटते.

गाडी सुटली की दिवाडकरांची माणसं फलाटावर उभी राहून तिला वाकून नमस्कार करतात. शाळकरी वयात हा नमस्कार मी खुशाल स्वतःकडे घेत असे. एवढ्या डब्यांतून त्यांनी नेमकं मलाच ओळखलं याचं नवल वाटायचं नाही. मी दोन वडे घेतलेले असायचे. मान किंचित हलवून मी तो स्वीकारायचो. एकदा तर आशीर्वादाचा हातही उचलला होता. आईने तो खाली ओढला आणि स्वतः हात जोडले. ती नेहमीच जोडायची, माणसं दिसेनाशी होईपर्यंत. समोरच्या बाकावरचे लोक बघत राहायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. “अगं, ते गाडीला करतात, तुला नाही,” मी तिला शहाणपण शिकवलं. स्वतःला वगळून, अर्थातच.

“मग गाडीत कोण बसलंय?” ती म्हणाली, आणि आत्यासाठी बाजूला काढलेले वडे स्टीलच्या डब्यात भरायला लागली. पुण्याला पोचेपर्यंत ते गार आणि चिवट व्हायचे. आत्या ते तव्यावर टाकून, कर्जतचे म्हणून शेजारी अर्धा अर्धा वाटायची.

आता आमच्याकडचे पुण्याला मोटारीने जातात. एक्स्प्रेसवेवर फूड मॉलमध्ये वडा मिळतो. टोकनचा नंबर पुकारला की घ्यायचा. चीजचा असतो, शेजवानचा असतो. त्या वड्यात तक्रारीला जागा नसते, हीच माझी तक्रार. “बाबा, बटाटा तोच ना?” मुलगा विचारतो. बटाटा तोच असेल. पण पैसे देताना देणारा आणि घेणारा दोघेही त्या छोट्या यंत्राकडे बघत असतात, रक्कम पोचल्याचं ते बोलेपर्यंत. एकमेकांकडे बघायचं कारणच उरत नाही. मी हे बोलून दाखवलं की मुलगा म्हणतो, “आणि मागे इंजिन नसतं, माहितीये.”

आईला आता स्टेशनचा जिना चढवत नाही. म्हणून पुण्याहून एकटा परतताना मी कर्जतला उतरतो. उतारावर बँकरचं काम नसतं, त्यामुळे धक्क्याची वाट बघावी लागत नाही. दारात तयारीने उभा असलो की मागून कोणीतरी “काका, आधी गाडी थांबू द्या” म्हणतं, आणि तो दिवस मला जड जातो. चार वडे घेऊन घरी पोचतो. आई एक खाते, एक सुनेला देते, एक शेजारी पाठवते. उरलेला माझा. मग ती चटणी मागते.

“पिशवीत सांडली,” मी सांगतो. खरं म्हणजे ती कल्याणच्या आतच संपलेली असते.