माननीय ग्रंथालयमंत्री

जुलै महिन्यात शाळाशाळांतून मंत्रिमंडळं बनतात. क्रीडामंत्रिपदासाठी चुरस असते, कारण चेंडूंच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे राहते. सहलमंत्र्याचं खातं वर्षातून एकच दिवस चालतं, तरी त्यालाही चार उमेदवार मिळतात. सफाईमंत्री व्हायला कुणी राजी नसतं, म्हणून ते खातं वर्गातल्या सर्वात उपद्रवी कार्ट्याच्या गळ्यात बांधतात. ग्रंथालयमंत्र्याची मात्र निवडणूकच होत नाही. बाई वर्गात येऊन विचारतात, "खूप वाचतं कोण रे तुमच्यात?" सगळी बोटं एकाच चष्म्याकडे वळतात आणि शपथविधी आटोपतो. माझ्या मते सगळा घोळ होतो तो इथेच.

कारण वाचनवेडं पोर हे ग्रंथालयाचं उत्तम गिऱ्हाईक असतं, उत्तम मदतनीस क्वचितच. त्याला परत आलेली वीस पुस्तकं कपाटात लावायला सांगा. पहिली दोन लागतात. तिसरं तो नुसतं उघडून बघतो. घंटा होते, पुढचा तास अर्धा होतो, बाई शोधत येतात, तेव्हा मंत्रिमहोदय दोन कपाटांच्या मधे फरशीवर मांडी घालून बसलेले, आणि मनाने फास्टर फेणेच्या सायकलवर डबलसीट केव्हाच निघून गेलेले असतात. उरलेली सतरा पुस्तकं टेबलावरच. त्यांतलंच एक हवं असलेला पाचवीतला मुलगा "नाहीये" हे उत्तर घेऊन परत गेलेला असतो.

खात्याचा पहिला मोह म्हणजे शिक्का. नवी पुस्तकं आली की दाखल नोंदवहीत चढवायची, क्रमांक घालायचा आणि शिक्के मारायचे, ही कामं बाई मोठ्या विश्वासाने सोपवतात. मंत्री नोंदवही उद्यावर ढकलतो आणि शिक्क्याला आज भिडतो. मुखपृष्ठावर, चित्रांवर, लेखकाच्या फोटोवर, शेवटी स्वतःच्या मनगटावर. त्यातच त्याला गुप्त पानाचा शोध लागतो. बहुतेक ग्रंथालयं पहिल्या नि शेवटच्या पानाखेरीज मधल्या एका ठरावीक पानावरही शिक्का मारतात. पुस्तक ढापणाऱ्याने पुढची-मागची पानं फाडली तरी मधलं पान चुगली करतं. हे कळल्यापासून मंत्र्याची चालच बदलते. "आमच्याकडे एक पान आहे, पण सांगता येत नाही," असं तो प्रत्येकाला, न विचारता, सांगत फिरतो.

मग मांडणी. मेल्विल ड्युई नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1876 साली जगातल्या ज्ञानाचे दहा भाग पाडून त्यांना आकडे दिले. त्याच्या पद्धतीत इंग्रजी कादंबरी सुटसुटीत 823 वर बसते आणि अख्खं मराठी साहित्य 891.46 मध्ये, म्हणजे दशांश चिन्ह ओलांडल्यावर. मराठी शाळेतल्या मंत्र्याला त्यामुळे कपाटभर पुस्तकांवर एकच आकडा दिसतो आणि तो आकड्यांचा नाद सोडतो. पुस्तकं मग कवायतीच्या रांगेसारखी उंचीने लागतात. त्यावर बाई ओरडल्या की तो विषयवार लावतो, आणि विषय ठरतो नावावरून. 'कोसला' प्राचीन इतिहासात. 'बनगरवाडी' भूगोलात. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' शिवरायांच्या लढायांशेजारी. बिचारी बोटीवरची प्रेमकथा तिथे कुणाला सापडायची? 'बटाट्याची चाळ' पाककृतींत, आणि अरण्यात आयुष्य काढलेल्या चितमपल्लींचं 'पक्षी जाय दिगंतरा' थेट अभंगांत. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक, हे ग्रंथपाल मंडळी घोकून घोकून सांगतात. पण ते मंत्र्याला पटतं ते त्याला स्वतःला हवं असलेलं पुस्तक त्यानेच लावलेल्या कपाटात सापडेनासं होतं तेव्हा.

सत्ता आली की राखीव साठाही येतो. टेबलाच्या खणात, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे 'किशोर'चा नवा दिवाळी अंक दडलेला असतो, तो जिवलग मित्रांसाठी. दंडवसुलीतही हेच. मित्राचे आठ दिवस माफ, कट्टीवाल्याचा एक दिवससुद्धा रुपयासकट वसूल. आणि कुणी काय नेलं याची बातमी मधल्या सुट्टीत फुटते. नववीतल्या दांडगटाने लपूनछपून परीकथा नेली, हे शाळाभर झालं की तो दांडगट पुन्हा ग्रंथालयाची पायरी चढत नाही. मला विचाराल तर मंत्र्याच्या सगळ्या गुन्ह्यांत हाच अक्षम्य. शिक्का पुसता येत नसला तरी त्याने वाचक तुटत नाही.

ऑगस्ट उजाडेपर्यंत महोदयांना कंटाळा आलेला असतो. तीच पुस्तकं, तीच धूळ, तोच कसरीचा किडा. इथे त्याची मी थोडी बाजू घेतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. 1924 साली ते मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले, आणि सुरुवातीला या कामाला इतके विटले की पुन्हा शिकवायला जाऊ द्या म्हणून मागे लागले. पुढे 1931 साली त्यांनीच ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, वाचकाचा वेळ वाचवावा, असे साधे नियम. आता 12 ऑगस्टला त्यांच्या जयंतीची तसबीर मांडायचं काम आपल्या कंटाळलेल्या मंत्र्याकडेच येतं. तो हार घालतो, पेढा खातो आणि त्याच बोटांनी नवा कोरा कोश चाळतो.

पण काही मंत्री पिकतात. कशाने, ते सांगता येत नाही. बहुधा एखाद्या छोट्या वाचकाने. चौथीतली मुलगी येते आणि म्हणते, "दादा, ते लाल पुस्तक हवंय, त्यात कुत्रा होता." नाव नाही, लेखक नाही. जुलैतला मंत्री हसला असता. दिवाळीनंतरचा मंत्री विचारतो, "कुत्रा बोलत होता की नुसता भुंकत होता?" आणि चौथं पुस्तक बरोबर निघतं. त्या दिवसापासून चाळे बदलतात. डबा खाऊन हात धुतल्याशिवाय तो पुस्तकाला हात लावत नाही. कपाटातून पुस्तक ओढताना शेंडीला धरत नाही, आजूबाजूची दोन मागे सारून मधोमध धरतो. कुणी थुंकी लावून पान उलटलं की त्याचा चेहरा पडतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू पाहणाऱ्याला तो थांबवतो, कारण ती पिवळी पडून पानाचा जीव घेते हे बाईंनी एकदा दाखवलेलं असतं. येत नसेल तिथे "माहीत नाही, बाईंना विचारून सांगतो" म्हणायला लाजत नाही. ही सवय पुष्कळ मोठ्या मंत्र्यांनाही लागलेली नाही. वाचतो अजूनही, पण सतरा पुस्तकं लावून झाल्यावर.

मार्चमध्ये पडताळणी होते. नोंदवहीतला एकेक क्रमांक वाचायचा आणि कपाटातून "आहे" असा आवाज यायचा. एरवी कविता ऐकून जांभया देणारा हा मुलगा "आहे, आहे, आहे" असं तासभर तल्लीन होऊन म्हणतो. एखाद्या क्रमांकाला उत्तर येत नाही तेव्हा तो खरोखर अस्वस्थ होतो. देवघेवीच्या वहीत कर्जदार शोधला जातो. दरवर्षी त्यांत दोनतीन शिक्षक निघतात, एखादा माजी विद्यार्थी निघतो, आणि पुष्कळदा सर्वात जुनी थकबाकी गेल्या सालच्या ग्रंथालयमंत्र्याची असते.

तेव्हा वाचकहो, घरातली जुनी पुस्तकं एकदा खाली काढा. पहिलं पान गेलेलं असलं तरी मधली पानं चाळा. एखाद्यावर शाळेचा गोल शिक्का दिसला तर पुस्तक नेऊन द्या. दंड बहुधा कुणी मागणार नाही, आणि मागितलाच तर भरून टाका.