कंपनी बुडाली, यंत्र डोक्यातच

इलॉन मस्क यांनी जानेवारी २०२४ मध्ये ‘एक्स’वर दोन-चार ओळी टाकल्या आणि जगाला कळलं, की त्यांच्या न्यूरालिंक या कंपनीची चिप एका माणसाच्या मेंदूत बसली. चाचण्यांची जाहीर नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर या चाचणीची नोंद नव्हती. शोधनिबंध नव्हता, धोक्यांचा तपशील नव्हता. कवटीला भोक पाडून केलेल्या प्रयोगाबद्दल जनतेला मिळालं ते एवढंच.

तेव्हापासून चर्चा एकच: यंत्र मन वाचणार का? कोणी आपल्याला दुरून चालवणार का? ही भीती जुनी आहे. १९६३ साली स्पेनमध्ये होसे देल्गादो या शास्त्रज्ञाने बैलाच्या मेंदूत तारा बसवल्या आणि अंगावर चालून येणाऱ्या त्या बैलाला रेडिओच्या इशाऱ्याने थांबवून दाखवलं. सिनेमावाले साठ वर्षं त्यावर जगले. माझा प्रश्न त्याहून साधा आहे आणि त्याकडे फारसं कोणी बघत नाही. चिप बसवणारी कंपनी उद्या बंद पडली, तर डोक्यातल्या चिपचं काय?

हे घडून गेलंय, आणि एकदा नव्हे.

कॅलिफोर्नियातल्या सेकंड साइट या कंपनीने ‘आर्गस २’ नावाचं यंत्र काढलं. डोळ्याच्या पडद्यावर साठ इलेक्ट्रोडचा तुकडा बसवायचा, चष्म्यावर कॅमेरा, कमरेला छोटा संगणक. दृष्टी गेलेल्या माणसाला उजेडाचे ठिपके दिसायचे, दाराची चौकट कळायची, रस्त्यावरचे पट्टे जाणवायचे. युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये परवानगी मिळाली. किंमत सुमारे दीड लाख डॉलर. जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांनी ते बसवून घेतलं.

मग २०१९ मध्ये कंपनीने डोळ्याचं यंत्र बनवणं बंद करून टाकलं. कारण काय, तर ‘ओरायन’ या पुढच्या यंत्रावर लक्ष द्यायचं होतं. ओरायन थेट मेंदूच्या पृष्ठभागावर बसतं आणि ते सहा जणांना बसवूनही झालं होतं. पुढच्याच वर्षी पैसे संपले आणि बहुतेक कर्मचारी घरी गेले. ज्यांच्या डोळ्यांत यंत्र होतं त्यांना धड कोणी कळवलंही नाही. ‘आयईईई स्पेक्ट्रम’ या नियतकालिकाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हे सगळं चव्हाट्यावर आणलं तेव्हा एकेक हकिकत बाहेर पडली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत गाडी बदलताना एका बाईंचं यंत्र बंद पडलं, ते कायमचं. एका गृहस्थांना चक्कर येऊ लागली. डॉक्टरांना मेंदूत गाठ तर नाही ना हे पाहण्यासाठी एमआरआय करायचा होता. डोळ्यात हे यंत्र असताना तो करावा का, हे सांगायला कंपनीत कोणी उरलंच नव्हतं. नेदरलँड्समधल्या एकाचा कमरेचा संगणक पडून फुटला, तर त्याला जुन्या भागांसाठी वणवण करावी लागली.

मोबाइलची कंपनी बुडाली तर आपण दुसरा मोबाइल घेतो. इथे यंत्र काढायचं तर पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा रक्तस्रावाची आणि जंतुसंसर्गाची जोखीम, आणि खर्च आपल्याच माथी. न काढावं तर मेलेलं धातूचं यंत्र अंगात बाळगून जगायचं.

याच्या उलट बाजूही तितकीच वाईट आहे. यंत्र चालतंय, माणसाला हवंय आणि ते काढून घेतलं जातं.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला २०१० मध्ये न्यूरोव्हिस्टा या कंपनीने अपस्माराच्या पंधरा रुग्णांवर चाचणी सुरू केली. मेंदूवर बसवलेले इलेक्ट्रोड झटका येण्याचा धोका ओळखायचे आणि हातातल्या उपकरणावर दिवा लागायचा. त्यातल्या एका बाईंना अगदी लहानपणापासून झटके यायचे. दिव्याचा इशारा मिळाला की त्या वेळेवर औषध घ्यायच्या. बाजारात एकटीने जाणं, लोकांत मिसळणं, हे सगळं त्यांना पन्नाशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा मिळालं. पुढे कंपनीचा पैसा आटला आणि यंत्र काढून घ्यायला सांगण्यात आलं. या बाई आणि त्यांचे यजमान घर गहाण टाकून यंत्र विकत घ्यायला तयार होते. उपयोग झाला नाही. चाचणीतल्या सगळ्यांत शेवटी त्यांचं यंत्र काढलं. टास्मानिया विद्यापीठातले नीतिशास्त्राचे अभ्यासक फ्रेडरिक गिल्बर्ट यांनी पुढे अनेक वर्षं त्यांच्याशी बोलून हे नोंदवून ठेवलंय. यंत्र आपलाच भाग झालं होतं, अशी त्या बाईंची भावना होती. काढल्यावर त्या घरातलं माणूस गेल्यासारख्या रडल्या.

संमतिपत्रावर त्यांची सही होती, हे मला मान्य आहे. पण त्या सहीला किती अर्थ आहे? सही करताना त्या झटक्यांच्या भीतीखाली जगणाऱ्या बाई होत्या. यंत्र काढताना त्या वेगळ्या बाई होत्या, आणि त्यांना कोणी विचारलं नाही. मानेखालचं शरीर निकामी झालेला तरुण, बोलणं गेलेला रुग्ण यांच्यापुढे कागद ठेवला तर ते कशावरही सही करतील. मीही केली असती. म्हणून सहीच्या आडोशाला कंपनीने उभं राहू नये.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही, हे इथेच सांगतो. मेंदूत खोलवर तार घालून पार्किन्सनचा कंप आवरणारी डीबीएस शस्त्रक्रिया १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे सुरू झाली आणि आज जगभर लाखाहून अधिक लोक तिच्या आधाराने जगतात. मुंबई-पुण्यातही ती नेहमी होते. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराने वाचा गेलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या मेंदूत २५६ इलेक्ट्रोड बसवले आणि तो बोलू पाहत असलेले शब्द संगणकाने सत्त्याण्णव टक्के अचूक बोलून दाखवले. आवाज त्याचा स्वतःचा, आजारापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेला. ज्याच्या घरात असा रुग्ण आहे त्याला या बातमीचं मोल सांगावं लागत नाही. म्हणूनच हे काम बाजाराच्या लहरीवर सोडता येत नाही.

आता न्यूरालिंककडे परत येऊ. पहिला रुग्ण म्हणजे पोहताना झालेल्या अपघातात खांद्याखाली लुळा पडलेला अ‍ॅरिझोनाचा तरुण. १,०२४ इलेक्ट्रोडची चिप बसली आणि तो नुसत्या विचाराने बुद्धिबळ खेळू लागला. त्याचा आनंद खरा होता. काही आठवड्यांत मेंदूतल्या केसाहून बारीक तारा जागा सोडू लागल्या. त्यांतल्या पंच्याऐंशी टक्के सरकल्याच्या बातम्या आल्या. कंपनीने तारा सरकल्याचं जाहीर केलं ते मे महिन्यात, वर्तमानपत्रवाले मागे लागल्यावर. तारा सरकण्याची ही अडचण प्राण्यांवरच्या प्रयोगांतच दिसली होती आणि कंपनीला ती ठाऊक होती, असं रॉयटर्सने छापलं. सॉफ्टवेअर बदलून काम पुन्हा सुरू झालं, हे चांगलंच झालं. पण जून २०२५ मध्ये या कंपनीने गुंतवणूकदारांकडून ६५ कोटी डॉलर उभे केले. त्यातला एक तरी डॉलर, कंपनी उद्या नसली तर या माणसांच्या डोक्यातली यंत्रं सांभाळायला, कुलपात ठेवलाय का? ठेवायला लावणारा कायदाच नाही.

माहितीच्या चोरीबद्दल थोडक्यात. ती भीती खरी आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत चार लाख पासष्ट हजार पेसमेकरांचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं, कारण बाहेरच्या कोणालाही त्यात शिरता आलं असतं. चिलीने २०२१ मध्ये मेंदूतल्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने इमोटिव्ह या अमेरिकी कंपनीला, डोक्यावर घालायच्या पट्ट्याने गोळा केलेली एका माजी सिनेटरची मेंदूविषयक माहिती पुसून टाकायला लावली. आपला २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मेंदूतले संकेत आणि किराणा दुकानाला दिलेला मोबाइल नंबर यांत फरकच करत नाही. संवेदनशील माहिती असा वेगळा वर्गच त्यात ठेवलेला नाही. हे दुरुस्त केलं पाहिजे, आणि पहिली चिप इथे येण्याआधी केलं पाहिजे.

पण मला जास्त काळजी आहे ती आपल्या आधीच्या वागणुकीची. मेंदूपर्यंत कशाला जायचं? खुब्याचं उदाहरण पुरे आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीने सदोष निघालेला ‘एएसआर’ हा धातूचा कृत्रिम खुबा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. तोवर भारतात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. धातू झिजून रक्तात कोबाल्ट आणि क्रोमियम उतरत होतं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रकरण लावून धरलं, मुंबईत गुन्हा दाखल झाला. केंद्राने तज्ज्ञांची समिती नेमली ती २०१७ मध्ये. भरपाईचं सूत्र ठरेपर्यंत २०१८ उजाडलं. आणि तोवर किती रुग्णांचा ठावठिकाणा लागला होता? हजाराच्या आसपास. बाकीच्या माणसांच्या मांडीत तो खुबा होता आणि ती माणसं कुठे आहेत हे कंपनीला माहीत नव्हतं, सरकारलाही नव्हतं. भक्कम, गडगंज कंपनी असताना ही गत. उद्या दहा-वीस माणसांची नवी कंपनी इथे मेंदूतल्या चिपची चाचणी घेऊन गाशा गुंडाळून गेली, तर दाद कोणाकडे मागायची?

दुसरं उदाहरण अधिक जवळचं आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट मोफत मिळतं. त्याचं काम वांद्र्याची अली यावर जंग संस्था बघते. योजना उत्तम आहे, हजारो मुलं तिच्यामुळे बोलू लागली. पण वॉरंटी संपली की कानामागच्या प्रोसेसरची दुरुस्ती, केबल, बॅटरी हे सगळं आईबापांच्या गळ्यात. प्रोसेसर बंद तर मूल पुन्हा बहिरं. केरळमध्ये ‘श्रुतितरंगम’ योजनेतल्या मुलांची हीच अडचण २०२३ मध्ये इतकी पेटली, की सरकारला त्यात लक्ष घालावं लागलं. यंत्र बसवण्याच्या दिवशी फोटोला मंत्री असतात. पाचव्या वर्षी केबल तुटते तेव्हा आई एकटीच रांगेत असते.

माझी मागणी सरळ आहे. भारतात मेंदूत यंत्र बसवायची परवानगी मागणाऱ्या प्रत्येक कंपनीने, परवानगीच्या आधी, प्रत्येक रुग्णामागे आयुष्यभराच्या देखभालीचा आणि गरज पडल्यास काढण्याच्या शस्त्रक्रियेचा पैसा सरकारी ताब्यातल्या वेगळ्या निधीत भरावा. कंपनी बंद पडली तर यंत्राचे आराखडे आणि सॉफ्टवेअर एखाद्या सार्वजनिक संस्थेकडे गेलं पाहिजे. बंगळूरची निम्हान्स आहे, तिरुअनंतपुरमची श्री चित्रा आहे. श्री चित्राने हृदयाची स्वदेशी झडप बनवून दाखवली आहे, त्यांना हे जमणार नाही असं कोण म्हणेल? चालतं यंत्र रुग्णाच्या मर्जीविरुद्ध काढायचं नाही, हे कायद्यात यावं. आणि कोणाच्या डोक्यात कोणतं यंत्र आहे याची राष्ट्रीय नोंदवही हवी, म्हणजे खुब्यासारखी शोधाशोध पुन्हा करावी लागणार नाही. यामुळे नव्या कंपन्या येणार नाहीत, असं कोणी म्हणेल. ज्या कंपनीला हा खर्च परवडत नाही, तिने माणसाच्या कवटीला हात लावू नये.

कायदा होईपर्यंत वाचकांना एक विनंती. तुमच्या घरातल्या कोणाला डीबीएस असो वा उद्या येणारी चिप, असं यंत्र सुचवलं, तर डॉक्टरांना आणि कंपनीच्या माणसाला सहीच्या आधी विचारा: बॅटरी कधी बदलायची आणि तेव्हा किती लाख लागतील, एमआरआय चालेल का, सुटे भाग किती वर्षं मिळतील, कंपनी बंद पडली तर फोन कोणाला करायचा, आणि यंत्र काढायची वेळ आली तर पैसे कोण देणार. तोंडी उत्तर घेऊ नका. उत्तर लेखी मागा आणि ते हातात पडेपर्यंत सही करू नका.