दिवा लागल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका

आमच्या फोपनार गावात वाहतुकीचा सिग्नल नाही आणि त्याची गरजही नाही. पण फोपनारच्या माणसाला सिग्नल चुकत नाही. केळीची गाडी भरली की बऱ्हाणपूर, पोरांचं कॉलेज बऱ्हाणपूर, मोठा दवाखाना बऱ्हाणपूर. म्हणून शहरातला बिघडलेला दिवा ‘शहरवाल्यांचं काम’ आहे असं पारावर कुणी म्हटलं, की मला राग येतो. त्या दिव्याखालून आपलीच लेकरं जातात.

परवा एका चौकात अर्धा तास उभा राहिलो. एका बाजूचा दिवा लालवर अडकला होता. एमपी ६८ नंबरची पिकअप बिचारी थांबली. एक मिनिट गेलं, दोन गेली, मागून हॉर्न सुरू झाले. शेवटी चालकानं गाडी पुढे काढली, तोच आडव्या रस्त्यानं हिरव्यावर ट्रक आला. पिकअपवाल्यानं करकचून ब्रेक दाबला. पिकअपमधला वरच्या थरातला एक घड खाली आला आणि हिरव्या फण्या डांबरावर पसरल्या. कडेला सायकल हातात धरून एक शाळकरी मुलगी उभी होती. तिनं तीनदा पाय पुढे टाकला, तीनदा मागे घेतला.

घड गेला त्याची भरपाई होईल. त्या मुलीनं मात्र त्या दिवशी शिकून घेतलं, की लाल दिव्याकडे बघायचं नसतं. अडकलेला लाल दिवा प्रामाणिक माणसाला नियम मोडायला लावतो. एकदा मोडला की चांगल्या दिव्यावरही तो थांबत नाही. मग आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही. शिस्त लोकांनी पाळायची असेल, तर दिवा खरा बोलायला हवा.

बिघाड सगळे सारखे नसतात. पिवळा दिवा उघडमीट करत असेल तर वेग कमी करा आणि जपून पुढे जा. रात्री रहदारी कमी असताना तो मुद्दामही तसा ठेवतात. लाल दिवा उघडमीट करत असेल तर आधी पूर्ण थांबा, मग बघून निघा. दिवा पूर्ण विझला असेल आणि चौकात पोलीसही नसेल, तर मोठ्या रस्त्यावरच्या गाडीला आधी जाऊ द्या. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या. हा नियम २०१७च्या वाहन चालवण्याच्या विनियमांत लिहिलेला आहे. आपल्याकडे ज्याची गाडी मोठी तो आधी घुसतो. आणि दोन आडव्या रस्त्यांना एकदम हिरवा मिळत असेल, तर तिथं एक मिनिटही दवडू नका. ११२ लावा, पोलीस बोलवा.

आता तक्रार. ‘चौकातली बत्ती खराब आहे’ एवढं सांगून काही होत नाही. कुठला चौक, कुठून येणाऱ्या गाड्यांचा दिवा, कुठला रंग अडकलाय, किती वाजता पाहिला, हे सांगा. कोपऱ्यावरच्या लोखंडी पेटीवर नंबर असेल तर तोही सांगा. गाडी बाजूला लावून फोटो काढा. दिवा शहरातला असेल तर नगर निगम आणि वाहतूक पोलीस, राष्ट्रीय महामार्गावरचा असेल तर १०३३. आणि कुणीच दाद देत नसेल तर १८१.

मध्य प्रदेशात २०१४पासून १८१ ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे आणि आपल्या भागात ‘एकशे एक्याऐंशी लावली’ हा वाक्प्रचारच झालाय. तक्रार हिंदीत सांगावी लागते म्हणून अडू नका. घरात मराठी बोलणारा आपला माणूस बाजारात रोज हिंदीत भाव ठरवतोच. या व्यवस्थेत अधिकाऱ्यांच्या चार पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर काम झालं नाही तर तक्रार वर चढते. पण ती वर चढायची की तिथंच मिटायची, हे एका प्रश्नावर ठरतं: तुम्ही समाधानी आहात का?

इथंच आपण हरतो. फोन येतो तेव्हा आपण शेतात असतो. समोरचा गोड बोलतो, ‘काम होऊन जाईल’ म्हणतो. आपणही भिडेखातर ‘हो’ म्हणतो. कागदावर दिवा लागतो, चौकात अंधारच राहतो. होऊन जाईल म्हणजे झालं नव्हे.

मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं कलम १९८अ आलं. रस्त्याच्या देखभालीत सुरक्षेचे निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हे झालं जीव गेल्यानंतरचं. त्याच्या आधी जे हाती आहे, ती आपली तक्रार.

याच बऱ्हाणपुरात १६१५च्या सुमारास कुंडी भंडारा बांधायला घेतला. जमिनीखालून पाण्याचा बोगदा आणि त्यावर ओळीनं कुंड्या, माणसाला वाकून आत पाहता येईल अशा. चारशे वर्षांनंतरही तिथं पाणी आहे. ज्या गावानं डोळ्याआडच्या पाण्यावर नजर ठेवली, त्याला भर चौकातला दिवा दिसू नये?

म्हणून एवढंच करा. पुढच्या खेपेला गाडी घेऊन निघाल तेव्हा बिघडलेला दिवा दिसला की नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. फोन आला तर आधी चौकात जाऊन बघा. तिन्ही रंग आपापल्या वेळी लागताना दिसले, तरच ‘हो’ म्हणा.