रंग जुळला, खर्ज गळला

प्रीअँप आणि पॉवर अँपची जोडी जमवताना मुख्यतः दोन आकडे पाहायचे असतात: इम्पीडन्स आणि गेन. ते माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक टायपात असतात, म्हणूनच बहुधा हौशी मंडळी आधी दर्शनी पट्ट्यांचा रंग जुळवतात.

पॉवर अँपचा इनपुट इम्पीडन्स प्रीअँपच्या आउटपुट इम्पीडन्सच्या किमान दहापट असावा, असा दंडक आहे. ट्रान्झिस्टरवाल्या प्रीअँपचा आकडा बहुधा शे-दोनशे ओहम, त्यामुळे त्याचे कुणाशीही जमते. व्हॉल्व्हवाल्याचा कित्येकदा हजारांत जातो, शिवाय आउटपुटला कपॅसिटर. ०.४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरपुढे १० किलोओहमचा पॉवर अँप आला, की ३० हर्ट्झच्या आसपासच आवाज ३ डेसिबलने उतरतो. ४७ किलोओहमचा असता, तर ही उतरण ७ हर्ट्झपर्यंत खाली गेली असती. मालक मात्र हरवलेला खर्ज शोधायला हजारोंची केबल आणतो. बिचाऱ्या केबलला यातले काहीच करता येत नाही.

गेनची कथा उलटी. सीडी प्लेयर २ व्होल्ट देतो आणि बऱ्याच पॉवर अँपना पूर्ण ताकदीसाठी एक-दीड व्होल्ट पुरतो. मधल्या प्रीअँपने वाढवावे असे फारसे उरतच नाही. तरी दहापट गेनचा प्रीअँप घेतला जातो, व्हॉल्यूमचा नॉब नऊच्या काट्यापुढे सरकत नाही आणि नॉबनंतरच्या सर्किटची सूं-सूं तेवढी इमानेइतबारे स्पीकरपर्यंत पोचते. ‘ताकद राखून आहे’, असे पाहुण्यांना सांगता येते.