टर्बोशेठ

करळ फाट्याच्या अलीकडे, ट्रेलरच्या रांगेशेजारी बॉनेट वर केलेली गाडी आणि तिच्यात कमरेपर्यंत शिरलेला माणूस दिसला, की समजावं टर्बोशेठ तपासणीवर आहेत. न्हावा शेवाच्या पंचक्रोशीत, जासईपासून उरणपर्यंत, असा एखादा शेठ सापडतोच. आजोबांची भातशेती नि मिठागरं; १९८९ साली बंदर सुरू झालं; यथावकाश संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट हाती आला. त्या प्लॉटवर बंगला उगवला आणि बंगल्याच्या दारात टर्बो पेट्रोल गाडी.

कंपनीनं दिली तशी गाडी चालवणं शेठना कमीपणाचं वाटतं. आधी स्टेज वन, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, ईसीयूत, नवी फाइल. मग डाउनपाइप. मग मोठा इंटरकूलर. हा परदेशी इंटरकूलर बहुधा शेठच्या गच्चीवरून दिसणाऱ्या क्रेननंच उतरवलेला असतो, पण मुंबईच्या दुकानात जाऊन, भाव वाढवून, कुरिअरनं परत येतो तेव्हा कुठे त्याला मान मिळतो.

आणि एके रात्री दुसऱ्या गिअरला, चार हजार आरपीएमच्या वर, गाडी उचक्या देते. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटून राहिला तर शेठ हिरमुसतात. लुकलुकला तर मिसफायर, म्हणजे रविवार सार्थकी लागला! स्टिअरिंगखाली ब्लूटूथ डोंगल बसतं, मोबाइलवर ‘पी०३०१’ उमटतं आणि भोवती माणसं जमतात. ट्रेलरचे ड्रायव्हर, टपरीवाला, नात्यातले दोन काका.

‘फिल्टर बघ रं,’ एक काका म्हणतात.

‘काका, मिसफायर हाय,’ शेठ म्हणतात. काकांना तो आडनावाचा प्रकार वाटतो.

ज्ञान पोकळ नाही, हे कबूल करायला हवं. पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावायची. कोडही पहिल्यावरून तिसऱ्यावर गेला तर दोष कॉइलचा, जागेवरच राहिला तर पुढे शोधा. बूस्ट वाढला की सिलिंडरमधल्या दाबापुढे ठिणगी टिकत नाही, म्हणून फीलर गेज लावून प्लगची गॅप ०.८ मिलिमीटरवरून ०.६ वर आणायची. हे काम करताना शेठ श्वाससुद्धा बेतानं घेतात. इंटरकूलरच्या होजवर साबणाचं पाणी मारून, हवा भरून, बुडबुडे शोधतानाची त्यांची एकाग्रता दहावीत दिसली असती तर वडिलांनी पेढे वाटले असते.

तरीही उचकी राहतेच. मग संशयितांची यादी निघते. पेट्रोलमधलं इथेनॉल. पंपवाला. खाडीची खारी हवा, ती कनेक्टर खाते. कंटेनरच्या रस्त्याची धूळ. झालंच तर कंपनीचा मूळ इंजेक्टर. घरात पैसे गायब झाले की सगळ्यांच्या पिशव्या उलट्या कराव्यात, पण धाकट्या लाडक्याचा खिसा चाचपू नये, तशी शेठची तऱ्हा. त्या फाइलकडे बोट जात नाही. ती बसवून घ्यायला मोजलेले पैसे शेठनी घरात अजून सांगितलेले नाहीत, हेही एक कारण असावं.

एकदा पुतण्यानं विचारलंच, ‘काका, जुनी फाइल टाकून बघायची?’ शेठनी त्याला चहा आणायला पिटाळलं.

सर्व्हिसची तारीख आली की मात्र शेठ स्वतःच माळ्यावरून मूळचा पाइप उतरवतात आणि गुपचूप मूळची फाइल चढवतात. वॉरंटी ती वॉरंटी. मग गाडी आठवडाभर गरिबासारखी चालते. उचकी नाही, दिवा नाही. अशाच एका आठवड्यात शेठ टपरीवर भेटले. चहा पुढ्यात निवत होता, डोंगल खिशात होतं.

‘काय शेठ, तब्येत बरी नाही?’

‘माजी बरी हाय,’ शेठ म्हणाले. ‘गारीची बरी नाय. कायच करीत नाय.’