भट्टीला केवायसी लागत नाही

जालन्याच्या मोंढ्यात भांडवलशाहीवरचा वाद दसरा-दिवाळीच्या सुमारास रंगात येतो. रानात कापूस फुटलेला असतो आणि वेचायला बाया मिळत नसतात. मग चहाच्या टपरीवर निदान ठरते: लाडकी बहीण योजनेचे पंधराशे. सरकारने घरबसल्या पगार सुरू केला, आता उन्हात कोण मरायला येतंय?

निदान करणारा बहुधा बाजाराचा कट्टर भक्त असतो. सळईचा भाव मागणी-पुरवठ्याने ठरावा, प्लॉटचा भाव समृद्धी महामार्ग किती जवळ आहे यावर ठरावा, यावर त्याची निष्ठा असते. वेचणीचा भाव किलोमागे दोन रुपयांनी चढला, की मात्र तो बाजार राहत नाही, तो बायांचा माज होतो. महिन्याला 1500 म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. रोजगार हमीची राज्यातली मजुरी 2025-26 साली 312 रुपये होती. पन्नास रुपयांत माणूस कायमचा आळशी होतो, हा शोध अर्थशास्त्रात अजून कुणी मांडलेला नाही. मोंढ्याने तो केव्हाच सिद्ध केला आहे.

‘जालना सोने का पालना’ असे या शहराबद्दल जुने लोक म्हणतात. पाळणा कोण हलवतो, यावर मात्र सहसा बोलत नाहीत. इथल्या सळईच्या भट्ट्या विजेवर चालतात आणि वीज हा त्यांच्या सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक. 2016 पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना राज्य सरकारने वीजदरात सवलत दिली. त्यासाठी वर्षाला सुमारे 1200 कोटींची तरतूद होती. सवलत होती युनिटमागे. म्हणजे ज्याची भट्टी मोठी, त्याला मदत मोठी. लाडक्या बहिणीच्या घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेले की ती अपात्र. भट्टीला अशी अट घालायचे कुणाला सुचले नाही, आणि सवलतीमुळे भट्टी आळशी होईल अशी चिंताही टपरीवर कुणी केली नाही.

यात उद्योगाची टिंगल करण्याचे कारण नाही. बियाण्यांच्या धंद्यात जालन्याचे नाव देशात नेले ते बद्रीनारायण बारवाले यांनी. 1964 साली त्यांनी महिको उभी केली, 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. पण त्यांनी आरंभी हाती घेतलेले भेंडीचे ‘पुसा सावनी’ वाण दिल्लीच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत तयार झाले होते. कर्तृत्व त्यांचे खरेच. पहिले बी मात्र सरकारी. देशभराचे पाहायचे तर 20 सप्टेंबर 2019 रोजी कंपनीकर 30 टक्क्यांवरून 22 वर आला आणि त्यात 1 लाख 45 हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे सरकारनेच सांगितले. त्या दिवशी ‘फुकटे’ हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही.

सरकार दोन प्रकारच्या लोकांच्या दारी कसे जाते, हेही जालन्याने पाहिले आहे. ऑगस्ट 2022 मध्ये इथल्या सळई व्यवसायातल्या दोन समूहांवर आयकर खात्याने छापे घातले. गुप्तता राहावी म्हणून अधिकारी चक्क वऱ्हाडी होऊन आले. गाड्यांवर ‘राहुल वेड्स अंजली’चे स्टिकर होते, असे तेव्हा छापून आले. 56 कोटींहून अधिक बेहिशेबी रोकड आणि 14 कोटींहून अधिक किमतीचे दागिने जप्त झाल्याचे खात्याने जाहीर केले. नुसत्या रोकडीचा हिशेब केला तर पंधराशेचे 3 लाख 73 हजार हप्ते होतात. तरीही शहराच्या अर्थव्यवस्थेला धोका कुणापासून, असे विचारले तर बोट बहिणीकडेच जाते.

बहिणीकडे जाताना सरकार वेषांतर करत नाही. ते तिलाच बोलावते. 2025 च्या सप्टेंबरात ई-केवायसीचे फर्मान निघाले. तिच्या आधारबरोबर नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधार आणि त्याच्या मोबाईलवर येणारा ओटीपीही हवा. मंठा किंवा परतूर तालुक्यातल्या एखाद्या सेवा केंद्रापुढची रांग डोळ्यांसमोर आणा. नवरा ऊसतोडीला गेलेला, फोन त्याच्या खिशात, तिथे रेंज नाही. इकडे ओटीपीची मुदत संपते. पुन्हा नंबर लावा. सर्व्हर बसला, उद्या या. त्या दिवसाची मजुरी बुडाली, केंद्रवाल्याचे पैसे वेगळे. आणि जिचा नवरा आणि वडील दोघेही वारलेले, तिने ओटीपी कुणाकडे मागायचा? हा प्रश्न राज्यभर ओरडा झाल्यावर सरकारच्या ध्यानात आला. मग मुदत वाढली आणि मृत्यूचा दाखला चालेल असे ठरले. रेशनच्या ई-पॉस यंत्रावर तर कापूस वेचून झिजलेला अंगठाच उमटत नाही. कष्टाचा पुरावा बोटावर असतो, म्हणूनच यंत्र ओळख नाकारते.

एवढी चाळणी लावून गळती थांबली का? लाडक्या बहिणींच्या यादीत 14 हजारांहून अधिक पुरुष निघाले. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानाचे कोट्यवधी रुपये भलत्यांच्याच खात्यांत गेल्याचा आरोप झाला. तलाठी निलंबित झाले, 2025 मध्ये गुन्हा नोंदला गेला. पाऊस शेतकऱ्याच्या रानात पडला, अनुदान जमीनच नसलेल्याच्या खात्यात पडले, असा तो आरोप. रांगेतल्या बाईला तीनदा तपासणारी यंत्रणा स्वतःच्या टेबलाखाली वाकून बघत नाही, हा अपघात म्हणायचा की पद्धत?

टपरीवरचे शेवटचे हत्यार ठरलेले असते: ‘आमच्या करावर हे सगळं चाललंय.’ अर्धे खरे आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीसाठी महाराष्ट्राने 1975 साली व्यवसाय कर बसवला. पगारदाराचे महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 त्यात कापले जातात, वर्षाला 2500. पण त्या हमीच्या कामांवर खोदलेल्या तळ्यांनी आणि विहिरींनी कुणाची शेती भिजली? याच हमीतून अलीकडे तुतीची लागवड होते, आणि रेशीम कोषांची बाजारपेठ जालन्यातच आहे. शिवाय बाई गोड्या तेलाची पिशवी घेते तेव्हा 5 टक्के जीएसटी भरतेच. तिथे तिला कुणी उत्पन्नाचा दाखला विचारत नाही.

तेव्हा पुढच्या कापूस हंगामात वाद पुन्हा पेटेल त्याआधी टपरीवरच्या मंडळींनी एक अर्ज द्यावा. लाभार्थी बायांच्या नावांच्या याद्या गावोगाव चावडीवर लागतात. तशीच वीज-सवलत आणि उद्योग-प्रोत्साहनाची यादी, कंपनीच्या नावानिशी आणि रकमेसह, जालना महापालिकेच्या दारात मोठ्या अक्षरांत लावा, अशी मागणी करावी. अर्जाला अंगठा चालेल, सहीही चालेल.